मूकबधिरांचा आचार्य

पैनगंगेच्या परिसरात, सागाच्या रानांनी वेढलेल्या किनवट गावी बाजार भरतो, तेव्हा तेथे एकच भाषा कानी पडत नाही. कोणी मराठी बोलतो, कोणी तेलुगू. डोंगरपाड्यांवरून आलेली माणसे गोंडी आणि कोलामी बोलतात, तांड्यांवरची गोरमाटी, तर कित्येकांच्या तोंडी दखनी उर्दू असते. एकाला दुसऱ्याची बोली कळली नाही, तर बोटांवर भाव ठरतो, मानेने होकार मिळतो आणि व्यवहार पुरा होतो. आपली भाषा ज्याला येत नाही तो बुद्धीनेही उणा असला पाहिजे, असे त्या बाजारात कोणी मानीत नाही. परंतु जन्मतः बहिऱ्या असलेल्या माणसाविषयी जगाने शेकडो वर्षे नेमके हेच मानले.

जन्मापासून बहिरे असलेले मूल बहुधा मुके राहते, ते त्याच्या कंठात दोष असतो म्हणून नव्हे. कानावर शब्द पडत नाहीत, म्हणून ते मुखातून उमटत नाहीत, एवढेच त्याचे कारण. ही साधी गोष्ट ध्यानी न घेतल्यामुळे बहिऱ्याला मुका आणि मुक्याला मंदबुद्धी ठरविण्याची रीत पडली. प्राचीन रोमच्या कायद्याने जन्मतः मूकबधिर असलेल्या माणसास मृत्युपत्र करण्याचा अधिकार दिला नव्हता. आपल्याकडील मनुस्मृतीनेही जन्मांध व जन्मबधिर यांना पित्याच्या धनाच्या वाट्यातून वगळून केवळ अन्नवस्त्राचे धनी केले. अशा मुलांना शिकविता येते, आणि धनिकांच्या मुलांनाच नव्हे तर रस्त्यावरच्या अनाथालाही शिकविता येते, हे ज्याने सर्वांसमक्ष सिद्ध केले, तो पुरुष फ्रान्स देशात होऊन गेला. त्यांचे नाव शार्ल मिशेल द लेपे. धर्मोपदेशकास त्या देशात आबे म्हणतात. म्हणून आबे द लेपे या नावानेच ते जगास ठाऊक आहेत.

लेपे यांचा जन्म १७१२ च्या नोव्हेंबर महिन्यात व्हर्साय येथे झाला. वडील राजाच्या पदरी वास्तुशिल्पी होते. घरची स्थिती चांगली होती. मुलाच्या मनात धर्मोपदेशक व्हावे असे होते व त्याने धर्मशास्त्राचे अध्ययनही केले. तथापि त्या काळी फ्रान्समधील कॅथलिक पंथात जान्सेनवाद नामक मतावरून मोठा कलह माजला होता. दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने त्या मताचा निषेध करणाऱ्या लेखावर सही करावी, असा दंडक होता. लेपे यांच्या मनाला ते पटेना. त्यांनी सही करण्याचे नाकारले आणि दीक्षा हुकली. मग ते कायदा शिकले आणि पॅरिसमध्ये वकिलीची सनद मिळवून बसले. पण त्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. पुढे त्रॉय या गावच्या बिशपांनी त्यांना दीक्षा दिली खरी, परंतु मतांचा तो जुना अडसर काही सुटला नाही, आणि धर्मपीठात त्यांना मोठे पद लाभले नाही. चाळिशी उलटली, तरी ज्या कार्यासाठी जन्म घ्यावा असे कार्य हाती आलेले नव्हते.

ते आले एका अगदी किरकोळ निमित्ताने. १७६० च्या सुमाराची ही गोष्ट. काही कामासाठी लेपे पॅरिसमधील एका घरी गेले. घरधनीण बाहेर गेली होती. दोन तरुण मुली शिवणकाम करीत बसल्या होत्या. लेपे यांनी त्यांना काही विचारले. उत्तर आले नाही. पुन्हा विचारले, आवाज चढवून विचारले, तरी त्या मान वर करीनात. मुलींच्या या उद्धटपणाचे त्यांना नवल वाटले. इतक्यात आई परतली आणि तिने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की, या दोघी जुळ्या बहिणी जन्मतः बहिऱ्या आहेत. व्हानँ नावाचे एक धर्मोपदेशक चित्रे दाखवून त्यांना थोडेफार शिकवीत असत. परंतु ते वारले, आणि आता मुलींकडे पाहणारे कोणी उरले नाही. लेपे यांनी तेथल्या तेथे त्यांना शिकविण्याचे पत्करले. त्यांना प्रथम वाटली ती धर्माची काळजी: देवाचे नावही न कळता या मुलींचे आयुष्य संपून जाईल, ही कल्पना त्यांना सहन होईना. शिक्षणशास्त्राचा विचार मागाहून आला.

चित्रांनी काम भागणार नाही, हे त्यांना लवकरच कळून चुकले. चित्रात घोडा दाखविता येतो. परंतु दया, आशा, काल, उद्या, पण, जर यांची चित्रे कशी काढावीत? या अडचणीत त्यांना विद्यार्थिदशेतील एक धडा आठवला. सोळा वर्षांचे असताना त्यांच्या गुरूंनी त्यांना समजावून दिले होते की, शब्दाचा ध्वनी आणि त्याचा अर्थ यांचे नाते निसर्गाने जोडलेले नसते, ते माणसांनी ठरवलेले असते. पाण्याला मराठी माणूस पाणी म्हणतो आणि तेलुगू माणूस नीळ्ळु म्हणतो; तहान दोन्हींनी सारखीच भागते. तेव्हा अर्थाची सांगड जर ध्वनीशी घालता येते, तर ती लिहिलेल्या अक्षरांशी आणि हाताच्या खुणेशी का घालता येऊ नये? कानाचा दरवाजा बंद असेल तर डोळ्यांच्या खिडकीतून आत शिरावे, असा निश्चय करून ते कामाला लागले.

येथे लेपे यांनी जी एक गोष्ट केली, तीत त्यांचे खरे मोठेपण आहे. बहिऱ्यांसाठी त्यांनी एकांतात बसून भाषा रचली नाही. ते प्रथम बहिऱ्यांचे विद्यार्थी झाले. पॅरिससारख्या मोठ्या नगरात पुष्कळ बहिरी माणसे होती, आणि ती परस्परांशी खुणांनी भराभर बोलत असत. शहाणी माणसे त्या हातवाऱ्यांकडे माकडचेष्टा म्हणून पाहत. लेपे यांनी ती भाषा आहे हे ओळखले, शिष्यांकडून ती शिकून घेतली, आणि तिच्या पायावर लेखन-वाचनाची इमारत उभारली. एखादा पंडित खेड्यातील निरक्षराच्या पायाशी बसून त्याची बोली शिकतो, तशातलाच हा प्रकार होता. खुणांच्या भाषेचा जनक म्हणून लेपे यांचे नाव पुष्कळदा घेतले जाते. पण ते बरोबर नाही. भाषा बहिऱ्यांची होती. लेपे यांनी तिला शाळेत आणले.

बोटांनी अक्षरे दाखविण्याची पद्धत मात्र त्यांना दुसरीकडून मिळाली. एके दिवशी एक अनोळखी गृहस्थ त्यांच्याकडे एक जुने स्पॅनिश पुस्तक विकावयास घेऊन आला. लेपे यांना स्पॅनिश येत नव्हते. ते परत करणार, इतक्यात सहज चाळता चाळता त्यांना आत बोटांच्या मुळाक्षरांचे चित्र दिसले. ते बोनेत नावाच्या स्पॅनिश लेखकाचे १६२० साली छापलेले पुस्तक होते. लेपे यांनी ते ठेवून घेतले आणि ते वाचता यावे म्हणून स्पॅनिश भाषा शिकण्यास आरंभ केला!

सूक्ष्म कल्पना समजावून देण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. श्रद्धा ठेवणे हा शब्द घ्या. प्रथम ते फळ्यावर तो शब्द लिहीत, आणि मग त्याचे तुकडे पाडीत: मनाने होय म्हणणे, अंतःकरणाने होय म्हणणे, मुखाने होय म्हणणे, आणि डोळ्यांनी मात्र पाहिलेले नसणे. कपाळ, छाती व ओठ यांवर बोट ठेवून होकार, आणि डोळ्यांपाशी नकार, अशा चार खुणा करून झाल्या की मुलाच्या ध्यानी अर्थ येई. कित्येक बोलक्या माणसांनाही या शब्दाची इतकी स्वच्छ फोड करता येणार नाही.

या पद्धतीत एक दोषही होता. फ्रेंच व्याकरणातील प्रत्येक प्रत्यय, प्रत्येक काळ यांसाठी लेपे यांनी स्वतंत्र खूण योजली. भूतकाळ दाखविण्यासाठी हात खांद्याकडे मागे टाकावयाचा. भूतकाळाच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी तो एकदा, दोनदा किंवा तीनदा टाकावयाचा. अशा रीतीने एक वाक्य सांगता सांगता पुष्कळ हातवारे करावे लागत. मुले गुरूच्या खुणांवरून शुद्ध फ्रेंच लिहून काढीत, परंतु स्वतःच्या मनातले लिहा म्हटले की अडखळत. बहिऱ्यांच्या भाषेला तिचे स्वतःचे व्याकरण आहे. हात कोठे फिरतो, भुवई वर जाते की खाली येते, यांतून ती काळ, प्रश्न, नकार दाखविते. तिच्यावर फ्रेंचचा साज चढविण्याची गरज नाही, हे लेपे यांच्या लक्षात आले नाही. पुढील पिढीच्या शिक्षकांनी त्या कृत्रिम खुणा टाकून दिल्या.

शाळा भरे ती लेपे यांच्या राहत्या घरीच. फी नव्हती. वडिलार्जित उत्पन्नावर सारा खर्च चाले. श्रीमंतांची मुले आली तर ना नव्हती, पण आपली शाळा गरिबांसाठी आहे, असे ते स्पष्ट सांगत. त्याच नगरात परेर नावाचे एक नामांकित शिक्षक बहिऱ्या मुलांना उच्चार शिकवीत. त्यांचे कौशल्य मोठे होते, परंतु शिष्य थोडे, मोबदला भरपूर, आणि रीत गुप्त. लेपे यांचा मार्ग याच्या उलट. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, पाठ चाले आणि कोणीही येऊन पाहावे, टिपून न्यावे, आपल्या गावी तशी शाळा काढावी, अशी मुभा असे. १७७१ पासून त्यांनी लोकांसमोर विद्यार्थ्यांच्या परीक्षाही घेतल्या. बहिरी मुले फ्रेंचखेरीज लॅटिन, इटालियन, स्पॅनिश अशा भाषांतही लेखी उत्तरे देत आहेत, हे पाहावयास सरदार आणि पंडित दाटीवाटीने उभे राहत. हे काही अंशी प्रदर्शनच होते, आणि उत्तरे पुष्कळदा आधी बसविलेली असत. पण शतकानुशतकांचा समज मोडावयाचा होता. १७७६ साली त्यांनी आपली पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि १७८४ साली सुधारून पुन्हा मांडली. विद्यार्थ्यांची संख्या वाढत वाढत सत्तरांवर गेली.

१७७७ साली ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ पॅरिसला आला असता शाळा पाहावयास आला. तो इतका प्रसन्न झाला की त्याने लेपे यांना मोठे उत्पन्न देऊ केले. लेपे यांनी ते घेतले नाही; त्यापेक्षा आपल्या राज्यातील बहिऱ्यांसाठी काही करावे, अशी विनंती केली. सम्राटाने एक धर्मोपदेशक त्यांच्याकडे शिकावयास धाडला आणि १७७९ साली व्हिएन्नात शाळा निघाली. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनच्या वकिलानेही नजराणा आणला होता. त्यालाही असेच उत्तर मिळाले. नजराण्याऐवजी रशियातील एखादा बहिरा मुलगा शिकावयास पाठवावा, एवढेच मागणे लेपे यांनी केले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत खडतर प्रकरण मात्र शाळेबाहेरचे होते. १७७३ साली पॅरिसच्या उत्तरेस हमरस्त्यावर एक मुलगा सापडला. अंगावर चिंध्या होत्या, आणि तो बहिरा-मुका होता. दोन वर्षांनी रुग्णालयात लेपे यांची व त्याची गाठ पडली. त्यांनी त्याला योसेफ असे नाव देऊन शिकविले. खुणांनी बोलता येऊ लागताच तो मुलगा मोठ्या घराच्या, नोकरचाकरांच्या आठवणी सांगू लागला. पुढे एका स्त्रीने त्यास पाहून हा तूलूज येथील सोलार या उमरावाचा मुलगा आहे, असे सांगितले. त्या घराण्यात एक बहिरा मुलगा होता खरा, आणि एका तरुण विद्यार्थ्याबरोबर प्रवासास गेला असता तो देवी येऊन वारला, असे जाहीर झाले होते. लेपे यांची खात्री पटली की, वारसा हडपण्यासाठी मुलाला टाकून देण्यात आले. ते स्वतः खर्च सोसून न्यायालयात उभे राहिले.

साऱ्या फ्रान्सचे लक्ष या खटल्याकडे लागले. बहिऱ्या मुलाची साक्ष हातांच्या खुणांनी घ्यावी काय, आणि तीवर विश्वास ठेवावा काय, हा प्रश्न न्यायासनापुढे आला, हीच एक नवलाची गोष्ट होती. १७८१ साली निकाल योसेफच्या बाजूने लागला. परंतु विरुद्ध पक्षाने वर दाद मागितली, आणि लेपे हयात नसताना, १७९२ साली, तो निर्णय फिरविण्यात आला. निराश्रित योसेफ सैन्यात दाखल झाला व लवकरच मरण पावला. तो खरोखर सोलार घराण्यातील होता की नाही, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. ज्या विद्यार्थ्यावर संशय घेतला गेला, त्याला बेड्या घालून पॅरिसला आणण्यात आले होते आणि पुढे तो निर्दोष ठरला. शिष्यावरील प्रेमापोटी लेपे यांच्याकडून एका निरपराध तरुणास क्लेश झाले, हे त्यांच्या चाहत्यांनीही नाकारू नये.

१७८८ चा हिवाळा पॅरिसला फार कडक गेला. लेपे तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. असे सांगतात की, मुलांच्या खर्चास पैसा पुरावा म्हणून त्यांनी आपल्या खोलीत शेगडी पेटविणे बंद केले. मुलांना ते कळताच सर्वजण रडत रडत त्यांच्याभोवती जमली आणि आमच्यासाठी तरी जगा, असे खुणांनी विनवू लागली. म्हाताऱ्याने हट्ट सोडला. पण त्या सरपणाच्या पैशांत मुलांचे काय काय झाले असते, ही रुखरुख त्यांना पुढेही लागून राहिली.

दुसऱ्या वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. त्या धामधुमीत, २३ डिसेंबर १७८९ रोजी, लेपे यांनी देह ठेवला. सारे उत्पन्न शाळेत खर्ची पडले होते. मागे उरली ती मुले. पॅरिसमधील सँ रॉक चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. जुलै १७९१ मध्ये राष्ट्रीय सभेने लेपे यांचे नाव मानवजातीच्या उपकारकर्त्यांत नोंदविले आणि शाळेचा भार राष्ट्राने उचलावा असे ठरविले. बहिऱ्याचे शिक्षण ही कोणा दयाळू माणसाची मर्जी न राहता राज्याचे कर्तव्य ठरले, ते या दिवशी.

त्या शाळेतून पुढे बहिरे शिक्षक निपजले, हे तिचे मोठे फळ. जाँ मास्य्यू हा शेतकऱ्याचा मुलगा जन्मापासून बहिरा होता. तो तेथे शिक्षक झाला आणि त्याने लोराँ क्लेर या बहिऱ्या मुलास शिकविले. १८१६ साली क्लेर अमेरिकन गृहस्थ गॅलोडेट यांच्यासह जहाजाने अमेरिकेस निघाला. बावन्न दिवसांच्या त्या प्रवासात एकाने दुसऱ्यास खुणा शिकविल्या, दुसऱ्याने पहिल्यास इंग्रजी शिकविली. १८१७ साली हार्टफर्ड येथे त्यांनी शाळा उघडली. पॅरिसमध्ये १८३४ पासून लेपे यांच्या जयंतीच्या सुमारास बहिऱ्यांचे मेजवानी-संमेलन भरू लागले. तेथे भाषणे होत ती सारी हातांनी.

परंतु लेपे यांच्या विचारास पुढे मोठा धक्का बसला. त्यांच्या हयातीतच जर्मनीत हाइनिके नावाच्या शिक्षकाने, बहिऱ्यास बोलावयासच शिकविले पाहिजे, असा आग्रह धरून त्यांच्याशी पत्रव्यवहाराने वाद घातला होता. शंभर वर्षांनी त्या मताचा जय झाला. १८८० साली इटलीतील मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली आणि तिने शाळांतून खुणा काढून टाकण्याचा ठराव केला. ज्यांच्याविषयी ठराव होता, त्या बहिऱ्यांपैकी प्रतिनिधी म्हणून तेथे एकच जण होता. त्यानंतर कित्येक देशांत वर्गात खुणा करणाऱ्या मुलांचे हात बांधण्यापर्यंत किंवा हातांवर बसविण्यापर्यंत मजल गेली. ओठांकडे पाहून बोलणे ओळखणे काही मुलांना साधते, पुष्कळांना साधत नाही. कारण पान, बाण आणि मान म्हणताना ओठ सारखेच हलतात. १९६० साली स्टोको या अमेरिकन अभ्यासकाने खुणांच्या भाषेस व्याकरण असते हे शास्त्रीय रीतीने दाखविले, तेव्हा वारे फिरले. मिलानच्या ठरावाबद्दल त्या परिषदेने खेद प्रकट केला तो २०१० साली, म्हणजे एकशे तीस वर्षांनी!

भारतात बहिऱ्यांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास मुंबईत निघाली. बिशप लिओ म्यूरिन हे तिचे संस्थापक. १८९३ साली कलकत्त्यास दुसरी निघाली. या शाळा निघाल्या तेव्हा मिलानचा ठराव ताजा होता. त्यामुळे आपल्याकडील शाळांतही भर बहुतांशी उच्चारावरच राहिला. खुणा चालत त्या मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, गुरुजींची पाठ फिरल्यावर. तरीही भाषा मेली नाही. मुलांनी ती एकमेकांना दिली. शहरात ही सोय तरी होती. दूरच्या पाड्यावर जन्मलेल्या बहिऱ्या मुलास दुसरे बहिरे मूल कधी भेटतच नाही. आईने आणि त्याने मिळून ठरविलेल्या चार-दोन खुणांपलीकडे त्याला जग कळत नाही. आणि भाषा रुजण्याची जी पहिली पाच-सहा वर्षे, ती अशीच निघून जातात.

१९८३ साली मुंबईत वांद्रे येथे कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले. २०१५ साली दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनाचे व प्रशिक्षणाचे केंद्र उघडले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या भाषेस स्थान दिले, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने देशभर तिचे एकसारखे रूप सिद्ध करून पाठ्यसाहित्य तयार करावे असे म्हटले. दिल्लीच्या केंद्राने २०१८ साली तीन हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला; १९२१ साली नव्हे, तर थेट २०२१ साली तो दहा हजारांवर गेला, यावरून या कामास किती उशीर झाला ते कळते. हा कोश रचण्याच्या कामी बहिरी माणसे स्वतः बसली होती. कोणत्या शब्दाची कोणती खूण, हे लेपे यांच्या वेळेप्रमाणेच त्यांना विचारून ठरले.